जुनी स्कूटर ऑनलाइन विकताय? जाहिरातीतल्या या चुका टाळा

ओळखीत कोणाची जुनी गाडी विकायची असली की जाहिरात वाचायला माझ्याकडे येते, आणि मजकूर बहुतेक वेळा तोच असतो: ‘गाडी एकदम टकाटक, एक रुपयाचं काम नाही, जेन्युइन गिऱ्हाइकांनीच फोन करावा.’ यातून घेणाऱ्याला काय कळलं? पुण्यात घेणारा स्वतः रोज स्कूटर चालवतो, शिवाय येताना ओळखीचा मेकॅनिक घेऊन येतो. त्याच्यापुढे ‘टकाटक’ चालत नाही.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे दोष लपवणं. माझ्या मावसभावाची 2017 ची ॲक्टिव्हा होती. बॅटरी जुनी झालेली, सकाळी सेल्फ लागायचा नाही, किक मारावी लागायची. मी म्हटलं, जाहिरातीत लिही. तो म्हणाला, ‘दादा, आधी येऊ तर देत, मग बघू.’ रविवारी भोसरीहून एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. भावाने अर्ध्या तासापूर्वीच गाडी चालू करून तापवून ठेवली होती. त्या गृहस्थांनी सीटखाली पाहिलं नाही, कागद मागितले नाहीत. वाकून सायलेन्सरजवळ हात नेला आणि विचारलं, ‘गाडी आत्ताच फिरवून आणलीत का?’ भाऊ काहीतरी बोलला. ते ‘कळवतो’ म्हणून गेले, भावसुद्धा केला नाही. दोष आधीच सांगितला असता तर त्यांनी हजार-दोन हजार कमी करून मागितले असते. लपवाछपवी दिसल्यावर मात्र माणसाला वाटतं, अजून काय काय झाकलं असेल!

त्या संध्याकाळी मी जाहिरात नव्याने लिहिली: ‘सकाळी पहिल्यांदा किक लागते, बॅटरी बदलावी लागेल, किंमत तसं धरूनच लावली आहे. डाव्या पॅनेलला चीर आहे, फोटो दिला आहे.’ सोबत थंड इंजिनवर किक मारून गाडी चालू होतानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ. पुढच्याच आठवड्यात गाडी गेली, आणि घासाघीस जवळपास झालीच नाही. तेव्हापासून मी दोषांची ओळ आधी लिहितो, बाकी मजकूर नंतर.

नुसतं ‘ॲक्टिव्हा विकणे आहे’ लिहू नका. 4जी, 5जी, 6जी या मॉडेलांत फरक आहे. 2020 मध्ये आलेली 6जी बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या निकषांची) आहे, फ्युएल इंजेक्शनवाली. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, गाडी बनल्याचा महिना-वर्ष असतो, नोंदणीची तारीख वेगळी असते. दोन्ही लिहा. टायर नवे असतील तर त्याच्या कडेवरचे चार आकडे फोटोत येऊ द्या: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. ‘टायर नवीन’ या शब्दांपेक्षा घेणारा या आकड्यांवर विश्वास ठेवतो.

फोटो पार्किंगच्या अंधारात काढू नका. धुऊन ओल्या गाडीचे तर मुळीच नकोत, पाण्याखाली ओरखडे झाकले जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी सकाळी आठच्या उन्हात काढतो. नंबर प्लेटवर एमएच-12 दिसेल एवढंच ठेवतो, बाकी झाकतो.

‘किंमत फोनवर सांगू’ हे मला अजिबात पटत नाही. आकडा लिहा.

ठिकाण ‘पुणे’ एवढंच लिहिलं तर हडपसरचा माणूस कोथरूडला यायला तयार होत नाही. आम्ही ‘वनाज मेट्रो स्टेशनजवळ’ असं लिहिलं होतं. घेणारा मेट्रोने येतो, सौदा झाला तर जाताना स्कूटरवर जातो.

गाडी न बघताच ‘पक्की समजा, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणणारा भेटला तर फोन ठेवा. असा क्यूआर स्कॅन केला की पिन मागतात, पण पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

कागदांची ओळ घाईत राहून जाते. इन्शुरन्स कधीपर्यंत, पीयूसी आहे का, कर्जाचा बोजा उतरला का, हे लिहाच. माझ्या जाहिरातीत शेवटी हेही असतं: ‘गाडी नावावर करून घेणाऱ्यालाच देणार.’ नवे विक्रेते याला कंटाळतात, मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या करून मोकळे होतात. असं करू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे की अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते. विक्री आरटीओला चौदा दिवसांत कळवायची असते. मी सौद्याच्या दिवशीच दोघांच्या सह्या, तारीख आणि वेळ घालून कागद करतो, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवतो आणि आरसीवर नवं नाव दिसेपर्यंत दर आठवड्याला परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघतो.