चार्जर मध्येच बंद पडतो? वीज जोडताना या चुका टाळा

मैदानावर पहिल्यांदा कारच्या बॅटरीवरून सहा सेलचा लायपो (रिमोटवरच्या मॉडेलचा लिथियम-पॉलिमर बॅटरी पॅक) चार्ज करायला बसलो, तर दोन मिनिटांत चार्जर ओरडू लागला: इनपुट व्होल्टेज कमी. बॅटरीच्या टर्मिनलला मल्टिमीटर लावला. १२.४ व्होल्ट. म्हणजे बॅटरी ठणठणीत. चार्जरला नावं ठेवत सामान गुंडाळलं. दोष निघाला माझ्या वायरीचा.

हिशोब बघा. ५००० एमएएचचा सहा सेलचा पॅक ५ अँपने चार्ज करताना शेवटी २५.२ व्होल्ट लागतात, म्हणजे १२६ वॅट. चार्जरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर आत जायला हवेत साधारण १४८ वॅट. १२ व्होल्टवर तेच झाले १२ अँपच्या वर. माझी वायर होती ०.७५ स्क्वेअर एमएमची, तीन मीटर लांब. अशा तांब्याच्या वायरीला मीटरमागे जवळपास ०.०२५ ओहम रोध असतो. जाऊन-येऊन सहा मीटर धरले की ०.१५ ओहम, आणि १२ अँपला १.८ व्होल्ट वाटेतच गडप. चार्जरपर्यंत पोचले १०.६. बहुतेक चार्जरचा कटऑफ (ज्या इनपुट व्होल्टेजखाली तो थांबतो तो आकडा) ११ च्या आसपास ठेवलेला असतो, तेव्हा त्याने ओरडायचं ते बरोबरच ओरडलं. त्यात चार्जरला हवे असतात वॅट, त्यामुळे व्होल्ट घसरले की तो अँप आणखी ओढतो आणि वायरीत आणखी व्होल्ट जातात.

उपाय साधा आहे. चार्जर बॅटरीजवळ न्या, वायर लांबवू नका. एक मीटरची ४ स्क्वेअर एमएमची वायर घेतली की तोटा ०.१ व्होल्टच्या आसपास येतो. आणि व्होल्टेज चार्जरच्या इनपुटला, चार्जिंग चालू असताना मोजा. लोड नसताना मोजलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

बरेच जण याऐवजी कटऑफच १० वर आणून ओरडणं बंद करतात. गाडीची बॅटरी मरते ती इथेच. लेड-ॲसिड बॅटरी निवांत असताना १२.७ ला भरलेली आणि १२.२ च्या आसपास अर्धी असते. अर्ध्याखाली नेत राहिलात तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. ४५ एएचच्या (अँपिअर-तासाच्या) बॅटरीतून अर्ध्यापर्यंत मिळतात फार तर २७० वॅट-तास. वरचा एक पॅक रिकाम्यापासून भरायला जवळपास १३० लागतात. म्हणजे दोन पॅक, की संपलं. तिसऱ्याचा मोह धरलात तर परतताना गाडीला धक्का मारायची तयारी ठेवा. चार्जर लावलेला असताना स्टार्टरही मारू नका. त्या क्षणी व्होल्टेज आधी कोसळतं, मग उसळतं, आणि तो झटका थेट चार्जरला बसतो.

कारच्या बॅटरीऐवजी मोठा लायपो पॅक मैदानावर चार्जरची 'टाकी' म्हणून वापरणाऱ्यांची गडबड वेगळी. कटऑफ ११ वरच राहिला तर सहा सेलच्या पॅकला तो सेलमागे १.८ व्होल्टपर्यंत पिळून काढील, आणि पॅक कायमचा गेला. सेलमागे ३.५ धरून सहा सेलला २१ आणि चार सेलला १४ लावा. शिवाय चार्जरची कमाल इनपुट मर्यादा पाहा. १८ व्होल्टपर्यंतच चालणाऱ्याला चार सेलचा भरलेला पॅक (१६.८) चालतो, सहाचा नाही.

जुना लॅपटॉप अडॅप्टर लावतानाही हाच आकडा आड येतो. तो १९ किंवा १९.५ व्होल्टचा असतो, म्हणजे १८ च्या चार्जरला बाद. ३० व्होल्ट झेपणाऱ्या चार्जरला चालेल, पण ६५ वॅटच्या अडॅप्टरवर सहा सेलचा पॅक फार तर २ अँपने चार्ज होईल. जास्त मागितलंत की अडॅप्टर बंद-चालू होत राहतो आणि लोकांना वाटतं चार्जर बिघडला. चार्जरच्या मेन्यूत इनपुट वॅटची मर्यादा असते, ती अडॅप्टरपेक्षा थोडी कमी भरा.

सोलर पॅनल सरळ चार्जरला जोडू नका. '१२ व्होल्ट'चं पॅनल लोड नसताना २१-२२ दाखवतं आणि ढग आला की बसतं. मध्ये सोलर चार्ज कंट्रोलर आणि बॅटरी हवीच. घरच्या विजेचा आणि डीसीचा असे दोन्ही इनपुट असतील तर एका वेळी एकच जोडा. क्रोकोडाइल क्लिप लावण्याआधी लाल-काळा पुन्हा एकदा बघा, इतकंच.

शेवटी २४ व्होल्टसाठी सर्व्हरचे दोन १२ व्होल्टचे पॉवर सप्लाय सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडणाऱ्यांसाठी. अशा सप्लायचा डीसी मायनस सहसा आतून पत्र्याच्या बॉडीला आणि अर्थला जोडलेला असतो. दुसऱ्याचा मायनस पहिल्याच्या प्लसला लावलात की अर्थमधून सरळ शॉर्ट. अर्थची पिन तोडून हे 'सोडवणारे' पाहिले आहेत. मग बिघाड झाला तर करंट बॉडीवर येतो आणि हात लावणाऱ्याला बसतो. तयार २४ व्होल्टचा एकच सप्लाय घ्या.