वृद्धाश्रमातली झोप सुधारायची तर सुरुवात सकाळी करा

संध्याकाळी ७ ला जेवण, ८.३० ला दिवे बंद आणि पहाटे ३ ला आजी टक्क जाग्या. 'झोपच लागत नाही' म्हणतात. हिशेब केला तर साडेसहा तास झालेले असतात!

म्हणून गोळी मागण्याआधी आठवडाभर वहीत लिहा: अंथरुणावर कधी पडल्या, कधी उठल्या, दुपारी किती झोपल्या, रात्री जाग कशामुळे आली. शेवटचा रकाना सर्वांत कामाचा. मग झोपायची वेळ रोज थोडी थोडी पुढे सरकवत ९.३०-१० वर आणा. मधल्या वेळात भजन, पत्ते, मालिका, काहीही चालेल.

दिवसा उजेड हवाच. शरीराच्या घड्याळाला खोलीतली ट्यूब पुरत नाही, अर्धा तास तरी अंगणात किंवा गच्चीत बसवा. चालता येत नसेल तर व्हीलचेअर बाहेर काढा. नाशिकच्या थंडीत पारा १० अंशांखाली जातो, तेव्हा कोवळ्या उन्हाचा हट्ट नको, ९ नंतर न्या. ज्यांना सातलाच पेंग येते, त्यांना संध्याकाळचा उजेडही द्या. दुपारची डुलकी अर्ध्या तासाची, ३ च्या आत. चारचा चहा शेवटचा.

खरी मेख रात्रीच्या फेरीत आहे. भपकन ट्यूब लावून अख्खी खोली जागी करायची, ही सवय मोडा. ज्यांची कूस किंवा डायपर बदलावा लागतो, त्यांचं ते वेळेवर व्हायलाच हवं. बाकीच्यांना झोपू द्या. बाथरूमच्या वाटेवर जमिनीलगत मंद पिवळा दिवा ठेवा. हिवाळ्यात पायमोजे आणि जास्तीची गोधडी द्या, पण निसरडे मोजे घालून चालू देऊ नका.

लघवीची गोळी सकाळी देता येईल का, डॉक्टरांना विचारा. झोपेच्या गोळीने या वयात तोल जातो, गोंधळ उडतो, पडून खुबा मोडतो. मात्र चालू असलेली गोळी परस्पर बंद करू नका. घोरताना श्वास अडत असेल, पाय सतत वळवळत असतील, तर तपासणीच हवी.

नातेवाइकांनी व्यवस्थापकांकडे एकदम सगळं मागू नये. आधी त्या ट्यूबबद्दल बोला. त्याला पैसा लागत नाही. टाळाटाळच झाली, तर ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन आहे: १४५६७.