ब्रॉडवेवर नाटक बघायला जाताय? या चुका टाळा

कोल्हापुरात नाटकाला जायचं म्हणजे खासबागेजवळ गाडी लावायची, ओळखीच्या चार लोकांना हात करायचा, तिसरी घंटा झाली की आत. केशवराव भोसले नाट्यगृहाच्या खुर्च्यांवर ज्याची निम्मी हयात गेली, त्याला नाटक बघायला कुणी शिकवायचं? मीही याच तोऱ्यात होतो. लेकीकडं न्यू जर्सीला गेलो तेव्हा न्यूयॉर्कात चार प्रयोग बघितले. त्यातले पहिले दोन निव्वळ स्वतःच्या चुकीनं वाया घालवले. आता आपल्या गल्लीतले आई-वडीलही दर उन्हाळ्यात पोरांकडं निघालेले असतात, म्हणून हे लिहितोय.

ब्रॉडवेवर ब्रॉडवे शोधू नका

ब्रॉडवे हा न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातला लांबलचक रस्ता, आणि तिथल्या बड्या नाट्यगृहांना मिळूनही ‘ब्रॉडवे’च म्हणतात. मला वाटलं, महाद्वार रोडवर दुकानं तशी तिथं ओळीनं थिएटरं असतील. तसं नाही. ब्रॉडवेची म्हणून गणली जाणारी थिएटरं 41, पण प्रत्यक्ष त्या रस्त्यावर मोजकीच. बाकीची बहुतेक सगळी आजूबाजूच्या आडव्या गल्ल्यांत, साधारण 41 व्या ते 54 व्या स्ट्रीटच्या दरम्यान. ‘ब्रॉडवे’ ठरतं ते मुख्यतः आसनसंख्येवर. 500 किंवा जास्त आसनं असतील तर ब्रॉडवे, 100 ते 499 असतील तर ऑफ-ब्रॉडवे. त्यामुळं ‘ऑफ’ म्हटल्यावर नाक मुरडू नका, तिथंही उत्तम नाटकं होतात.

तिकिटावर ‘वेस्ट 45 स्ट्रीट’ असा पत्ता असला तर एवढं लक्षात ठेवा: स्ट्रीट पूर्व-पश्चिम जातात, ॲव्हेन्यू दक्षिणोत्तर. साधारण वीस स्ट्रीट ओलांडले की एक मैल होतो. आणि टॅक्सीवाल्याला ‘टाइम्स स्क्वेअर चौकात मधोमध सोड’ म्हणू नका. तिथला ब्रॉडवेचा भाग 2009 पासून पायी चालणाऱ्यांसाठी आहे. थिएटरचा पत्ता सांगा आणि एक गल्ली अलीकडं उतरा.

वेळ: आपली सगळ्यात मोठी खोड

साडेसहाचं नाटक पावणेसातला सुरू होणार, हे आपण गृहीतच धरतो. तिथं सातचा प्रयोग फार तर पाच-सात मिनिटं इकडं-तिकडं. आम्ही न्यू जर्सीहून बसनं निघालो आणि लिंकन टनेल नावाच्या बोगद्याच्या तोंडाशी अडकलो. पोहोचलो सात वाजून वीस मिनिटांनी. दारावरच्या बाईंनी अगदी गोड बोलून आम्हाला मागच्या भिंतीशी उभं केलं. मधला योग्य क्षण येईपर्यंत खुर्चीवर जाता येत नाही. तिकिटाला आमच्या पेन्शनीच्या मानानं फार पैसे मोजलेले, आणि पहिला प्रवेश मी एका खांबाशेजारून ऐकला. हिनं घरी येईपर्यंत माझ्याशी शब्द बोलला नाही.

दुसऱ्या वेळी आगगाडीनं गेलो. न्यू जर्सीतल्या एडिसन गावातली आणि आजूबाजूची मंडळी थेट पेन स्टेशनला उतरू शकतात. ते 34 व्या स्ट्रीटजवळ आहे, तिथनं थिएटरं पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर. बस पोर्ट अथॉरिटीच्या बसस्टँडवर, म्हणजे आणखी जवळ सोडते, पण बोगद्याचा भरवसा नाही. बसनंच जायचं असेल तर दोन तास हाताशी ठेवा.

दुसरी गोष्ट झोपेची. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं, थंडीत साडेदहा. म्हणजे तिकडं रात्री आठला पडदा उघडतो तेव्हा तुमच्या अंगातल्या घड्याळात पहाटेचे साडेपाच झालेले असतात. जावईबापूंनी प्रेमापोटी आम्ही उतरल्याच्या तिसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं होतं. दुसरा अंक मी झोपेत बघितला. शेजारच्या गोऱ्या आजोबांनी एकदा कोपरानं ढोसलं, म्हणजे घोरतही असणार. तेव्हा पहिला आठवडा नाटकाचं नाव काढू नका. काढायचंच असेल तर दुपारचा प्रयोग घ्या. बुधवारी आणि शनिवारी बहुतेक ठिकाणी दुपारी दोनच्या सुमाराला असतो, रविवारीही बऱ्याच ठिकाणी. सोमवारी पुष्कळशी थिएटरं बंद.

आणि तारीख! तिकडं महिना आधी लिहितात. 7/8 म्हणजे सात ऑगस्ट नव्हे, आठ जुलै. पोरांना मेसेज करताना महिना अक्षरात लिहा. तारीख हुकली तर तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

तिकीट: गुगलवर सगळ्यात वर दिसेल ते घेऊ नका

शोधल्यावर वर येणाऱ्या बऱ्याच साइट तिकिटं पुन्हा विकणाऱ्यांच्या असतात, किंमत चढी. नाटकाच्या किंवा थिएटरच्या स्वतःच्या पानावर जा आणि तिथल्या दुव्यावरून तिकीट घ्या. ऑनलाइन घेताना वर फी लागते. थिएटरच्या खिडकीवर जाऊन घेतलं तर ती वाचते.

स्वस्तात हवं तर टाइम्स स्क्वेअरला लाल पायऱ्यांखाली ‘टीकेटीएस’ची खिडकी आहे, 1973 पासूनची. त्याच दिवशीच्या प्रयोगांची तिकिटं तिथं 20 ते 50 टक्के सवलतीत मिळतात. रांग बघून घाबरू नका, ती पळते. फक्त गद्य नाटकासाठी वेगळी खिडकी असते, तिथं गर्दी कमी. मात्र गाजत असलेलं नाटक तिथं मिळेलच असं नाही. ते आधीच काढा. रस्त्यावर हातात कागद घेऊन ‘तिकीट, तिकीट’ करणाऱ्याशी डोळेसुद्धा मिळवू नका.

तिकीट आता फोनवरच येतं. दारात उभं राहून ‘नेट चालेना’ अशी पाळी येऊ नये म्हणून ते घरच्या वायफायवर असतानाच उघडून फोनमध्ये ठेवा.

‘1 आणि 3 नंबर? मग मध्ये कोण बसणार?’

हे वाक्य माझं. त्यावरून मी खिडकीवरच्या माणसाशी हुज्जत घातली. बऱ्याच ब्रॉडवे थिएटरांत एका बाजूला सगळे विषम आकडे असतात आणि दुसऱ्या बाजूला सम. त्यामुळं 1 आणि 3 या खुर्च्या अगदी शेजारी-शेजारी. उलट 1 आणि 2 घेतल्या तर नवरा एका टोकाला, बायको दुसऱ्या. मधल्या भागात 101, 102, 103 असे आकडे असतात, ते मात्र सलग. ‘पार्शल व्ह्यू’ लिहिलेलं असेल तर रंगमंचाचा काही भाग दिसणार नाही, हे कबूल करूनच घ्या.

गुडघे दुखत असतील तर खालचं, म्हणजे ‘ऑर्केस्ट्रा’ घ्या. ही थिएटरं जुनी. लायसियम आणि न्यू ॲमस्टरडॅम 1903 ची, म्हणजे शाहू महाराजांच्या पॅलेस थिएटरपेक्षाही (तेच आपलं केशवराव भोसले) थोडी आधीची. वर जायला बऱ्याच ठिकाणी जिनाच, आणि दोन रांगांमध्ये पाय ठेवायला जागा कमी. आपलं थिएटर 2024 च्या आगीत जळलं, त्यानंतर मी पहिल्यांदाच कुठल्या जुन्या नाट्यगृहात पाऊल ठेवत होतो. जुन्या लाकडाच्या त्या वासानं मला जरा गलबलून आलं, ते असो.

मोठी बॅग नेऊ नका, दारात तपासणी होते. शाल मात्र न्या. एसी एवढा असतो की पन्हाळ्यावरची पहाट परवडली.

भाषा समजली नाही तर

लाजू नका, आम्हालाही सगळं समजत नव्हतं. अमेरिकी गाणं वेगानं आलं की शब्द निसटतात. बऱ्याच थिएटरांत ‘गालाप्रो’ नावाच्या ॲपवर संवाद अक्षरात दिसतात. फोनच्या काळ्या पडद्यावर मंद अक्षरं असतात, शेजाऱ्याला त्रास होत नाही. प्रयोगाच्या आधी चालू करून घ्या आणि अडलं तर दारावरच्या माणसाला विचारा. पहिलंच नाटक असेल तर ज्याची गोष्ट आधीच माहीत आहे असं निवडा. 1997 पासून चालू असलेल्या ‘द लायन किंग’ला नातवंडं आणि आजोबा दोघंही खूश असतात. मात्र चार वर्षांखालच्या मुलांना सहसा आत घेत नाहीत, हे आधी बघून ठेवा.

आत गेल्यावर फोटो काढायचा तो पडदा उघडण्याआधी. प्रयोग सुरू झाला की फोन बंदच. गाणं कितीही रंगलं तरी ‘वन्स मोअर’ ओरडू नका. टाळ्या मात्र भरपूर वाजवा. मध्यंतर बहुतेक एकच, साधारण पंधरा मिनिटांचं. बायकांच्या प्रसाधनगृहाची रांग त्यातली बारा मिनिटं खाते, तेव्हा दिवे लागताच निघायचं. बटाटेवडा नाही.

चौकातलं

टाइम्स स्क्वेअरला बाहुल्यांचे वेष घातलेले लोक नातवंडाच्या खांद्यावर हात टाकतात, फोटो झाला की पैसे मागतात. नको असेल तर हात हलवून पुढं व्हा. कुणी सीडी हातात देत असेल तर घेऊच नका. दिवसा शौचालयाची अडचण आली तर 42 व्या स्ट्रीटवरच्या ब्रायंट पार्कचं स्वच्छ असतं. जेवायला 46 व्या स्ट्रीटवर, आठव्या आणि नवव्या ॲव्हेन्यूच्या मध्ये हॉटेलांची अख्खी रांग आहे. प्रयोगाच्या दोन तास आधी जाऊन बसा आणि ‘शो आहे’ असं सांगा. बिलावर 18-20 टक्के टीप धरून चाला. तांबडा-पांढरा रस्सा मागू नका, आम्ही विचारून बघितलं.

प्रयोग संपल्यावर

दारावर फुकट मिळालेलं ‘प्लेबिल’, म्हणजे नाटकाचं माहितीपुस्तक, खुर्चीखाली विसरू नका. आत एखादी चिठ्ठी असेल तर आज कुणाच्या जागी कोण काम करतंय ते त्यात लिहिलेलं असतं. नाटकाच्या नावाच्याही वर ज्या नटाचं नाव छापलंय तोच नसेल, तर प्रयोग सुरू होण्याआधी खिडकीवर जाऊन पैसे परत किंवा तारीख बदलून मागता येते.

थिएटरच्या बाजूच्या दारातनं कलाकार बाहेर पडतात, लोक तिथं सह्या घ्यायला थांबतात. थांबायचं असेल तर आधी परतीच्या गाड्यांच्या वेळा बघून ठेवा. आमची ही अर्धा तास उभी राहिली. सही मिळाली, गाडी चुकली, आणि पेन स्टेशनच्या बाकावर बसून तिनं ते प्लेबिल मला पाच वेळा दाखवलं.