म्युझियमचा रिसर्च व्हिडिओत दाखवायचाय? आधी तो ड्रोन खाली ठेवा

म्युझियमचे व्हिडिओ बघितलेत ना, ड्रोनमधून इमारत, मागे बासरी, मग साहेब टेबलामागे बसून "आमच्या संस्थेची स्थापना..." सुरू, आणि तेवढ्यात बघणारा पुढच्या रीलवर गेलेला असतो. लोकांना बघायचं असतं ते कुलपाआडचं. शिकागोच्या फील्ड म्युझियम या नैसर्गिक इतिहासाच्या म्युझियमकडे जवळपास 4 कोटी नमुने आहेत, गॅलरीत त्यातले 1 टक्कासुद्धा नाहीत, बाकी सगळं कपाटांत, खणांत, बरण्यांत, आणि रिसर्च चालतो तो त्यावरच. मग कॅमेरा तिथेच न्या की.

आणि समोर बोलायला प्रोफेसरच हवा असं काही नाही. एमिली ग्रास्लीचं शिक्षण चित्रकलेचं, मोंटाना युनिव्हर्सिटीच्या छोट्या प्राणी-म्युझियममध्ये व्हॉलंटियर म्हणून काम करायची, 2013 च्या सुरुवातीला तिचं 'द ब्रेन स्कूप' हे यूट्यूब चॅनल सुरू झालं, त्यात तिने लांडगा सोलताना बिनधास्त दाखवला आणि त्याच वर्षी फील्ड म्युझियमने तिला बोलावून घेतलं, पद काय तर चीफ क्युरिऑसिटी करस्पॉन्डंट! पुढे हायनांच्या म्हणजे तरसांच्या जुन्या नमुन्यांसाठी नवीन देखावा करायचा होता तेव्हा म्युझियमने लोकांकडूनच ऑनलाइन पैसे गोळा केले, तिने व्हिडिओतून सांगितलं आणि 2016 मध्ये देखावा उघडला पण.

आता करायचं कसं. एका व्हिडिओत एकच प्रश्न घ्या. "आमचा पक्षीविभाग" हा विषय नाही, "हाडांवरचं मांस कोण काढतं" हा विषय आहे. उत्तर आहे डर्मेस्टिड नावाचे किडे, म्हणजे मुख्यतः त्यांच्या अळ्या, नाजूक हाडसुद्धा न मोडता साफ करतात. पण हेच किडे संग्रहात घुसले तर कातडी-पिसं सगळं फस्त करतील म्हणून त्यांना वेगळ्या खोलीत ठेवतात, आणि मग साफ केलेल्या हाडांची मापं घेऊन पुढे काय कळतं ते सांगा. झाला व्हिडिओ. असलं काही दाखवताना सुरुवातीला वॉर्निंग टाका, नाहीतर जेवताना बघणारे शिव्या घालतील.

शूटिंगला फोन चालतो, पण आवाजासाठी कॉलर माइक घ्याच, कोल्ड स्टोरेज आणि एसीची घरघर एडिटिंगमध्ये नीट जात नाही. बरण्यांच्या काचेवर लाइट चमकतो, समोर काळा कपडा धरा. बरण्यांत अल्कोहोल असतं म्हणून गरम हॅलोजन अजिबात नको, एलईडी वापरा. जुन्या पेंढा भरलेल्या प्राण्यांना बरेचदा आर्सेनिक लावलेलं असतं, तेव्हा शॉट कितीही भारी दिसत असला तरी उघड्या हाताने कुरवाळायचं नाही.

संशोधकाला स्क्रिप्ट पाठ करायला लावू नका, पार लाकूड होतात बिचारे. हातात नमुना द्या आणि "यात तुम्हाला काय खटकलं?" एवढंच विचारा, मग थांबवायलाच लागतं. विनोद येत असेल तर उत्तमच, पिट्सबर्गच्या कार्नेगी म्युझियमचे गोगलगायींचे तज्ज्ञ टिम पिअर्स टिकटॉकवर गोगलगायींचे पीजे मारून फेमस झाले.

दोन गोष्टी मात्र आधी तपासा. एक, नमुन्याच्या लेबलचा क्लोजअप, त्यावर तो कुठे सापडला ते लिहिलेलं असतं. सह्याद्रीतली एखादी पाल एका डोंगरापुरतीच असते, गावाचं नाव स्क्रीनवर दिसलं की प्राणी पकडून विकणारे तिथे पोचलेच म्हणून समजा, ब्लर करा. दुसरं, नवीन प्रजातीचं नाव पेपर म्हणजे शोधनिबंध छापून येण्याआधी बोलायचं नाही. व्हिडिओतलं नाव शास्त्राच्या नियमात धरत नाहीत, उगाच नाव फुटतं आणि लेखकाचं डोकं फिरतं. म्हणून व्हिडिओ तयार ठेवा आणि पेपर आला की त्याच दिवशी टाका, खाली पेपरची लिंक, नमुन्याचा कॅटलॉग नंबर आणि मराठी सबटायटल हाताने तपासून, कारण ऑटोवाले शास्त्रीय नावांचं काय करतात विचारू नका. पहिले काही दिवस कमेंट्सना त्या संशोधकालाच उत्तरं द्यायला बसवा, "आमच्या शेतात पण असाच दिसला" म्हणून कोणी फोटो टाकतो, तो कधीकधी खरंच कामाचा निघतो.