एलिमिनेशन डाएटनंतर पदार्थ परत चालू करताय? या चुका टाळा

पोटाला काय सोसत नाही ते शोधायला आधी संशयित पदार्थ बंद करायचे आणि मग एकेक परत चालू करून बघायचे, हे एलिमिनेशन डाएट. मी चार आठवडे दूध, गहू, कांदा-लसूण, कडधान्यं सगळं बंद केलं, पोट एकदाचं शांत झालं आणि त्याच रविवारी मी जाऊन मिसळ हाणली. संध्याकाळपर्यंत पोटाचा ढोल. आता हे कशानं झालं? कांदा, लसूण, मटकी, पाव, फरसाणातलं बेसन का नुसतं तिखट, काय कळणार कप्पाळ. आपल्याकडं सुटा पदार्थ असतोय कुठं, पांढऱ्या रश्श्यात बघा की, काजू, खसखस, तीळ, खोबरं सगळं एकत्र वाटून. म्हणून टेस्ट करायची ती एका वेळी एकाच गोष्टीची, आणि ती साधी.

दूध बघायचंय तर उकळलेलं साधं दूध, पहिल्या दिवशी पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी एक कप. मध्येच त्रास झाला तर तिथंच थांबायचं. कोल्हापुरात गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध ग्लासभर मारायचं नाही, एकदम एवढा डोस आणि वर कच्चं, म्हणजे बिघडलं तर दुधातल्या साखरेनं का जंतूंनी, परत कोडं. तीन दिवस झाले की दोन-तीन दिवस आपलं साधं जेवण, मग पुढचा पदार्थ, कारण त्रास कधीकधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठतो. आणि दूध पास झालं म्हणून लगेच रोजचा चहा चालू करायचा नाही, सगळ्या टेस्ट संपेपर्यंत ते परत बाजूलाच.

घरातली गंमत वेगळीच. आई म्हणाली, अरे भाजीत कांदा कुठं घातलाय, नुसती चटणी टाकलीय. आता आपली कोल्हापुरी चटणी म्हणजेच कांदा-लसूण मसाला, हे तिच्या काय माझ्याही डोक्यात आलं नव्हतं, आठ दिवस वाया गेले. हिंगाची डबी पण उलटी करून वाचा, बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ असतंय. आणि कांदा बाजूला काढून नुसता रस्सा प्यायला तर चालतंय असं समजू नका, कांद्यातला फ्रुक्टन, म्हणजे न पचता पोट फुगवणारा घटक, पाण्यात उतरतो. तेलात उतरत नाही, त्यामुळं लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकल्या तर ते तेल चालतं. हे कळलं तेव्हा मला जेवणात जीव आल्यासारखं वाटलं.

वही ठेवा. काय खाल्लं, किती, किती वाजता, झोप कशी, बायकांनी पाळीची तारीख, पेनकिलर घेतली का, सगळं लिहा, नाहीतर जागरणाचं खापर बिचाऱ्या गव्हावर फुटतं.

दोन गोष्टी मात्र गंमतीच्या नाहीत. ज्या पदार्थानं अंगावर पित्त उठलंय, ओठ सुजलेत किंवा धाप लागलीय तो घरी ट्राय करायचाच नाही, डॉक्टरांसमोरच. आणि सीलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळं आतड्याला इजा होते त्या आजाराची, शंका असेल तर रक्ततपासणी गहू बंद करायच्या आधी करा, नंतर केली तर रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो.

काहीजण बरं वाटतंय म्हणून वर्षभर सगळं बंदच ठेवतात, ते पण चूक, दोन ते सहा आठवडे खूप झाले. माझा कांदा फेल झाला, मटकी अर्धी वाटी चालते. गव्हाची पाळी सोमवारी.