बिल, त्याच्या ओळी आणि गळालेला आयडी

रेल्सवर (रूबी भाषेतली वेब अ‍ॅप बनवायची चौकट) हाती आलेलं माझं पहिलं काम बिलाच्या फॉर्मचं होतं. वर बिल, खाली त्याच्या ओळी, आणि सेव्हचं एकच बटण. नवीन बिल व्यवस्थित साठवलं जायचं. पण जुनं बिल उघडून नुसती तारीख बदलली, की ओळी दुप्पट! तीनच्या सहा, सहाच्या बारा. दीड दिवस मी मॉडेलच (डेटाबेसशी बोलणारा कोड) तपासत बसले होते. चूक निघाली कंट्रोलरमध्ये, म्हणजे फॉर्मची माहिती आत घेणाऱ्या कोडमध्ये. ओळींची जी फील्ड परमिट केली होती, म्हणजे आत यायला परवानगी दिली होती, त्यांत आयडी (प्रत्येक ओळीचा डेटाबेसमधला क्रमांक) नव्हता. फॉर्म तो लपवलेल्या इनपुटमधून दर वेळी पाठवत होता, स्ट्राँग पॅरामीटर्समध्ये (परवानगी नसलेली फील्ड गाळणारी चाळणी) तो गळत होता, आणि बिलाबरोबर ओळीही साठवणाऱ्या नेस्टेड अ‍ॅट्रिब्यूट्सच्या लेखी आयडी नसलेली ओळ म्हणजे नवीन ओळ. डेव्हलपमेंट लॉगमध्ये (अ‍ॅप काय करतंय त्याची नोंद) 'अनपरमिटेड पॅरामीटर' असं लिहूनही येत होतं. मी लॉग उघडलाच नव्हता.

आता फॉर्मवर काम करताना शेजारच्या खिडकीत लॉग चालूच असतो. आधी बिलाचा इन्सर्ट (डेटाबेसमध्ये नवी नोंद घालणारी आज्ञा), त्याला मिळालेला आयडी घेऊन ओळींचे इन्सर्ट, शेवटी कमिट (सगळं पक्कं करणं), हा क्रम एकदा डोळ्यांनी पाहिला की असोसिएशन, म्हणजे बिल आणि ओळींसारखी नाती, समजायला लागतात.

नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो नेमकं कधी लिहिलं जातं याबद्दल. बिल्ड या मेथडने (build) तयार केलेली ओळ फक्त मेमरीत असते. बिल सेव्ह केलं की तीही डेटाबेसमध्ये जाते. पण बिल आधीच डेटाबेसमध्ये असेल आणि तुम्ही दुहेरी बाणाने (<<) ओळ जोडलीत, तर ती त्याच क्षणी साठवली जाते. बरोबरचं चिन्ह (=) वापरून सगळ्या ओळी बदलल्यात, तर यादीत नसलेल्या जुन्या ओळी तिथल्या तिथे बिलापासून तुटतात, सेव्हची वाट न बघता. हे मला फार उशिरा कळलं, म्हणून मुद्दाम सांगतेय.

दुसरी गोष्ट ट्रान्झॅक्शनची, म्हणजे सगळे बदल होतील नाहीतर एकही नाही, अशा गटाची. बिल आणि स्टॉक दोन्ही एकत्र बदलायचे होते, म्हणून मी दोन्ही सेव्ह ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये टाकले आणि निर्धास्त झाले. स्टॉक व्हॅलिडेशनमध्ये (साठवण्याआधीची तपासणी) अडला, तरी बिल साठवलं गेलं. साधं सेव्ह अपयशी ठरलं की फक्त फॉल्स परत देतं, आणि रोलबॅक (सगळे बदल मागे घेणं) व्हायला एक्सेप्शन, म्हणजे काम थांबवणारी त्रुटी, लागते. म्हणून ब्लॉकच्या आत उद्गारचिन्हवालंच सेव्ह (save!) वापरा, ते अपयशी ठरलं की एक्सेप्शन देतं. ईमेल पाठवायचा असेल तर तो आफ्टर-सेव्हमध्ये (सेव्हनंतर लगेच चालणारा कोड) नको, आफ्टर-कमिटमध्ये (कमिट झाल्यावर चालणारा) ठेवा. नाहीतर रोलबॅक झालेल्या बिलाचाही ईमेल जातो.

रेल्स 5 पासून नव्या अ‍ॅपमध्ये बिलाँग्स-टूसाठी (ओळ बिलाची आहे, असं सांगणारं नातं) पालक रेकॉर्ड, म्हणजे इथे बिल, असणं सक्तीचं आहे. तरीही डेटाबेसमध्ये फॉरेन की (नसलेल्या बिलाकडे बोट दाखवू न देणारा नियम) आणि नॉट-नल (रकाना रिकामा ठेवू न देणारा) लावाच, कारण व्हॅलिडेशन टाळून लिहिणाऱ्या पद्धतीही असतात.

सराव करायचा तर रेल्सचा कन्सोल (आज्ञा टाइप करून बघायची खिडकी) सँडबॉक्स मोडमध्ये उघडा. बाहेर पडताना सगळे बदल मागे घेतले जातात. नवीन बिलाला तीन ओळी बिल्ड करा, मधलीची संख्या मुद्दाम व्हॅलिडेशनमध्ये न बसणारी ठेवा, आणि बिल सेव्ह करा. फॉल्स येईल आणि लॉगमध्ये एकही इन्सर्ट दिसणार नाही. मग ती संख्या दुरुस्त करून पुन्हा सेव्ह करा आणि इन्सर्ट मोजा: चार.