रेटिक्युलाटमच्या भिंतीत जाळी नसते

रोमन आणि त्यांच्या आधीच्या, इटलीतल्या एट्रुस्कन लोकांच्या कलेचा पेपर पहिल्यांदाच घेतलेल्यांसाठी लिहितेय. पोडियम, सेला, बॅसिलिका हे शब्द तुमच्या कानावरून गेले असतीलच. मी जिथे आपटले, तेवढंच नीट सांगते.

एम.ए.च्या पहिल्या वर्षी परीक्षेत एका भिंतीचा फोटो आला. चौकोनी दगड तिरके बसवलेले, ताटात शंकरपाळे मांडावेत तसे. ओपस रेटिक्युलाटम! पाठ केलेल्या यादीत त्यापुढे ‘जाळीदार बांधकाम’ असं होतं. मी उत्तर फुलवलं, या जाळीतून घरात उजेड-वारा खेळत असेल असंही लिहिलं. गुण शून्य. आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो.

त्या भिंतीत एकही भोक नसतं. रेटिक्युलम म्हणजे लॅटिनमध्ये बारीक जाळं, आणि हे नाव फक्त दर्शनी रचनेचं आहे. टफ नावाच्या मऊ ज्वालामुखी दगडाचा प्रत्येक तुकडा बुटक्या पिरॅमिडसारखा घडवायचा. चौकोनी बूड बाहेर, निमुळतं टोक आत. ते टोक मागच्या काँक्रीटमध्ये रुतून बसतं. भिंतीचा गाभा म्हणजे हे काँक्रीट, ओपस सिमेंटिशियम: चुना, ज्वालामुखीची राख आणि दगड-विटांचे तुकडे. इन्सर्टम म्हणजे वेडेवाकडे दगड, टेस्टेशियम म्हणजे भाजक्या विटा. हीसुद्धा सालीचीच नावं, आत गाभा तोच. रोमचं पँथिऑन बाहेरून विटांचं दिसतं म्हणून ‘विटांची इमारत’ लिहाल तर फसाल. 43 मीटरहून अधिक व्यासाचा तो घुमट काँक्रीटचा आहे. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसनेच लिहून ठेवलंय की रेटिक्युलाटम दिसायला देखणं, पण त्याला तडे लवकर जातात.

म्हणून संज्ञा समोर आली की आधी विचारा: हे नाव सालीचं, गाभ्याचं की आराखड्याचं? स्यूडोपेरिप्टरल हे आराखड्याचं. फ्रान्समधल्या नीमच्या मेझों कारे या रोमन देवळाला चहूबाजूंनी खांब दिसतात, पण मोकळे उभे आहेत ते फक्त पुढच्या ओसरीचे. बाकीचे सेलाच्या, म्हणजे गाभाऱ्याच्या, भिंतीला चिकटलेले अर्धखांब.

घाबरू नका, काही शब्द आपल्याला सोपे जातात. वाड्याचा चौक पाहिला असेल तर ॲट्रियम अर्धं समजलंच: छताचं मोकळं तोंड कॉम्प्लुव्हियम, खाली पावसाचं पाणी झेलणारं उथळ टाकं इंप्लुव्हियम.

एट्रुस्कन देवळांत मात्र संगमरवर शोधू नका. वरचं बांधकाम लाकडाचं आणि कच्च्या विटांचं, ते गेलं. उरले पाये आणि भाजलेल्या मातीची शिल्पं. वेई या एट्रुस्कन शहरातला अपोलो, इ.स.पू. 510च्या सुमाराचा, देवळाच्या आढ्यावर उभा होता. म्हणून तो लांबून, खालून दिसावा असा घडवलाय.

तयार नोट्स मला मुळीच पटत नाहीत. फ्लॅशकार्डं सनावळीपुरती ठीक. जे शिक्षक संज्ञा सांगताना फळ्यावर भिंतीचा छेद काढून दाखवतात, त्यांचा तास बुडवू नका. मला अशा बाई दुसऱ्या वर्षी भेटल्या, तेव्हा कुठे सगळं सुटत गेलं.

आणि पॉम्पेई-ओस्तिया या जुन्या रोमन शहरांचे फोटो बघताना भिंतीचं तुटकं टोक शोधा. तिथे साल निखळलेली असते आणि आतला गाभा उघडा दिसतो.